पिकअप, पिंपं आणि पहिला गिअर

गिअर पडत नाही ही गोष्ट जपूनकरांनी सुरुवातीला कोणालाच सांगितली नाही. घरात सांगितली नाही, सोसायटीत सांगितली नाही. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मध्येच अडायचा, खालून खर्रर्र असा आवाज यायचा आणि नेमक्या त्याच क्षणी जपूनकर मोठ्याने खोकायचे. खोकल्यात तो आवाज मिसळून जातो अशी त्यांची समजूत होती. रस्त्यावरची माणसं वळून बघायची, आणि एकदा तर एका भल्या माणसाने काच खाली करायला लावून त्यांना छाती दाखवून घेण्याचा सल्ला दिला.

जपूनकर हे त्यांचं आडनाव नव्हे. जिना उतरणाऱ्याला, दूध तापवणाऱ्याला, दार लोटणाऱ्याला, कोणालाही ते ‘जपून’ म्हणत, म्हणून इमारतीने ते आडनाव त्यांना बहाल केलं होतं. विमा कंपनीच्या दावे खात्यात ते नोकरीला होते आणि दिवसभर अपघातांचे अहवाल वाचत. तुम्हाआम्हाला एखाद-दुसरा अपघात माहीत असतो. जपूनकरांना सगळे माहीत होते. भरलेली गाडी चढावरून मागे कशी येते, येताना कशी कलते, भिंतीत शिरते की भिंतीवरून जाते, आणि त्यानंतरच्या जबाबात चालक ‘मला काही कळायच्या आत’ हेच शब्द का लिहितो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. झोप लागली असती तर.

अशा माणसाच्या हाती गाडी आली ती पाण्यामुळे. त्यांची इमारत टेकडीवर होती. टेकडीचा एक कोपरा खचला आणि पाण्याची मोठी वाहिनी त्याच्याबरोबर गेली. टँकरवाला आला, त्याने खालूनच चढ पाहिला आणि गाडीतून न उतरता परत गेला. मग सोसायटीने एक जुनी पिकअप विकत घेतली. खाली पाणीपुरवठ्याच्या टाकीवर पिंपं भरायची आणि वर आणायची, असा बेत होता. गाडी आल्यावर ती चालवणार कोण हा प्रश्न निघाला. दातांच्या डॉक्टरांकडे गाडी होती, पण बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी. बाकीचे दुचाकीवाले. चारचाकीचा परवाना आणि क्लचचा अनुभव असा दुहेरी योग फक्त जपूनकरांच्या कपाळी होता. परवाना त्यांनी तरुणपणी काढला होता, तोही ओळखीचा पुरावा म्हणून. अनुभव म्हणजे परवान्याच्या परीक्षेपुरता. पण सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ‘मला भीती वाटते’ असं सांगायला जे धैर्य लागतं ते जपूनकरांकडे असतं, तर त्यांना भीती वाटली तरी कशाला असती?

चढ साधा नव्हता. अर्ध्यावर एक वळण होतं, कोपरात दुमडलेल्या हातासारखं. तिथे गाडीचं नाक आभाळाकडे व्हायचं, पिंपांतलं पाणी मागच्या फळीवर आदळायचं, आणि दुसऱ्यावरून पहिल्यात यावंच लागायचं. वळणाच्या बरोबर खाली, उताराच्या रेषेत, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, मोठ्या काचेचा. गाडीच्या आरशात जपूनकरांना तो रोज दिसायचा. खुर्चीत कोणीतरी आडवं पडलेलं असायचं, तोंड उघडं टाकून, वर वळणाकडे बघत. आपल्याकडे बघूनच त्या माणसाने आ वासला आहे असं जपूनकरांना वाटे.

याहून लाजिरवाणी एक गोष्ट होती. वर पोचेपर्यंत त्यांच्या डाव्या पायाला घाम फुटलेला असे. साधासुधा नव्हे, मोजा पिळून निघावा इतका. भीतीने माणसाला घाम फुटतो हे त्यांना माहीत होतं, पण पायाला, आणि तोही एवढा, म्हणजे आपण किती भित्रे असू या विचाराने ते खचले. घरी आले की न्हाणीघराचं दार लावून ते मोजा स्वतः धुवायचे. बायकोला वाटलं, माणूस सुधारला.

पण गिअर काही लपणाऱ्यातला नव्हता. एका सकाळी इमारतीच्या फाटकातच गाडी अडली. पहिला पडेना, मागचा पडेना, नुसतं खर्रर्र. खोकून खोकून जपूनकरांचा घसा बसला. बादल्या घेऊन उभी असलेली सगळी इमारत गाडीभोवती जमली, आणि पाणी उतरवायच्या आधी सल्ले उतरू लागले.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, “तुम्ही फार हळू टाकता. एकदम टाकला की त्याला कळत नाही.”

“कोणाला?” जपूनकरांनी विचारलं.

“गिअरला.”

दातांच्या डॉक्टरांनी खिडकीतून हात घालून दांडा दोन बोटांत धरला, अलगद हलवून पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “मुळापासून हलतोय. उगाच वाचवत बसण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्स काढून दुसरा बसवा.” ते जाता जाता असंही म्हणाले की वळणावर जरा सांभाळा, खाली माझे पेशंट असतात. पेशंट आ वासून झोपलेले असताना त्यांना पळता येत नाही, हा मुद्दा जपूनकरांनी आधीच विचारात घेतला होता.

सोसायटीचे अध्यक्ष होते हेडसर. शाळेतून निवृत्त झाले तरी चालण्यात, बोलण्यात आणि माणसाकडे बघण्यात त्यांची शाळा सुटली नव्हती. ते म्हणाले, “असं रस्त्यात निदान करायचं नसतं. तीन मिस्तरींचे लेखी अभिप्राय आणा. सभेपुढे ठेवू.”

गिअर एकदाचा पडला तसे जपूनकर गाडी घेऊन तीन मिस्तरींकडे गेले. पहिल्याने डोळे मिटून इंजिन ऐकलं, गाडीला हातही लावला नाही आणि गिअरबॉक्स गेला असं सांगितलं. दुसऱ्याने गाडीखाली शिरून बराच वेळ काही हालचाल केली नाही. जपूनकर घाबरून वाकून बघणार इतक्यात तो बाहेर आला आणि क्लचप्लेट गेली म्हणाला. तिसऱ्याने एवढंच विचारलं, “चालवतं कोण?” मीच, असं जपूनकरांनी सांगितलं. त्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, “बरं,” म्हणाला, आणि अभिप्रायाच्या कागदावर ‘चालक’ एवढंच लिहिलं.

सभा हेडसरांच्या दिवाणखान्यात झाली. दोन तास चालली. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि गिअरबॉक्समध्ये दोष आहे असं बहुमताने ठरलं. क्लचप्लेटला दोन मतं पडली. उरलेली चार मतं चालकाला पडली. त्यांतलं एक वहिनींचं होतं, आणि हात वर करताना त्या जपूनकरांकडे पाहून मायेने हसल्या. आजारी माणसाच्या पोटात काय आहे हे शेजाऱ्यांनी हात वर करून ठरवावं, तसला हा प्रकार.  चालकात दोष आहे याला खरं तर जपूनकरांनीही हात वर केला असता. ओला मोजा एकट्या त्यांनाच ठाऊक होता.

तो मोजा बायकोच्या हाती लागला शनिवारी दुपारी. ती रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि घरात कुठल्याही ओल्या वस्तूकडे संशयाने बघायची तिला सवय होती. जपूनकर न्हाणीघरातून बाहेर आले तर ती दारात मोजा घेऊन उभी.

“हा एकटाच का धुता रोज? याचा जोडीदार कोरडा आहे.”

 जपूनकरांनी इतकी वर्षं संसार केला, पण असा प्रसंग आला नव्हता. ते पलंगावर बसले आणि म्हणाले, “अगं, घाम येतो.”

“एकाच पायाला?”

“भीती वाटते मला. त्या वळणावर. रोज.” एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. “रात्रभर डोळ्यांपुढे तो दवाखाना येतो. गाडी मागे जाते, काच फुटते. आणि लोकांना वाटतं मी जपून चालवतो. मी जपून नाही चालवत. मी नुसता घाबरून बसलेला असतो, गाडी आपली चालते.”

 बायको त्यांच्याशेजारी बसली. मग तिने मोजा नाकाजवळ नेला.

“अगं, काय करतेस?”

“हा घाम नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं नमुने तपासतेय मी. घाम बोटाला असा बुळबुळीत लागत नाही. आणि भीती काही डावा-उजवा बघून येत नाही. चला खाली.”

खाली गेल्यावर तिने त्यांना गाडीत बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंजिन बंद आहे ना? आता गिअर टाका.”

जपूनकरांनी दांडा पुढे ढकलला. लोण्यात सुरी जावी तसा पहिला पडला. दुसरा पडला. मागचासुद्धा पडला. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी सगळे परत एकदा टाकून पाहिले.

“आता सुरू करून टाका.”

खर्रर्र.

“म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे,” ती म्हणाली. “तो बिघडला असता तर बंद गाडीतही अडला असता. इंजिन चालू असतानाच अडतो, म्हणजे क्लच दाबल्यावर इंजिन नीट सुटत नाही. आता तुमचा पाय बाजूला घ्या.”

तिने मोबाइलचा उजेड पेडलच्या मागे धरला. वर, जिथे पेडलचा दांडा पुढच्या पत्र्यात शिरत होता, तिथे एक थेंब जमा होत होता. तो फुगला, दांड्यावरून घसरत खाली आला आणि जपूनकरांचा डावा बूट जिथे असायचा बरोबर तिथे पडला. मग तिने त्यांच्याकडून बॉनेट उघडून घेतलं. आत क्लचच्या तेलाची छोटी पांढरी डबी होती. रिकामी, ठणठणीत कोरडी.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” ती म्हणाली. “क्लच तेलाच्या जोरावर दबतो. तेल सगळं तुमच्या मोज्यात.”

जपूनकरांना एकदम हलकं वाटलं. आपण भित्रे होतोच, पण पाझरण्याइतके भित्रे नव्हतो. हा फरक लहान नाही. त्यांनी दुकानातून तेल आणून डबी भरली, दुकानदाराने सांगितलं तसं पेडल पुन्हापुन्हा दाबून आतली हवा काढली, आणि गिअर पडू लागले. तेल गळत होतं तिथलं रबर झिजलं होतं, नवं मंगळवारी मिळणार होतं. तोवर गाडी चढावर न्यायची नाही, असं बायकोने बजावलं, आणि जपूनकरांनी आयुष्यात इतक्या आनंदाने तिचं काही ऐकलं नव्हतं.

ते हेडसरांना सांगायला गेले. हेडसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ठराव गिअरबॉक्सचा झाला आहे.”

“हो सर, पण दोष क्लचमध्ये निघाला.”

“बहुमताने नाही निघाला.” हेडसरांनी चष्मा पुसला. “हे पाहा, तळमजल्यावर आठवड्याचं बाळ आहे. त्यांच्याकडे आता एक कळशीभर पाणी उरलंय. मंगळवारपर्यंत थांबता येणार नाही. उद्या सकाळी एक फेरी करू. मी स्वतः येतो शेजारी. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय मी दुरुस्त ठराव मांडू शकत नाही.”

बाळाचं नाव निघाल्यावर जपूनकरांना नाही म्हणता येईना. बायको रागावली, आणि सकाळी निघताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “काही झालं तर लक्षात ठेवा, बंद गाडीत गिअर पडतो.”

टाकीवर पिंपं भरेपर्यंत सगळं सुरळीत झालं. हेडसर मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते. जपूनकरांनी गिअर टाकला की ते मान हलवत, मुलाला पाढा येतोय अशा थाटात. चढ सुरू झाला. दवाखाना बाजूने गेला. रविवार असूनही खुर्चीत कोणीतरी होतंच. गाडी दुसऱ्यात कण्हत वळणापाशी आली, मागे पाणी फळीवर आदळलं, आणि पहिल्यात यायला म्हणून जपूनकरांनी क्लच दाबला.

पेडल खाली गेलं ते गेलंच. त्याला काही वजन नव्हतं. पायरी आहे असं समजून अंधारात पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा त्यांचा पाय खाली गेला. घाईत दांडा दुसऱ्यातून निघाला, पहिल्यात जाईना. खर्रर्र. गाडी क्षणभर थांबली, जणू तीही विचार करत होती. आणि मग मागे निघाली.

जपूनकरांनी ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, सीटवरून अर्धवट उठून दाबला. गाडी हातभर घसरली आणि थांबली. त्यांनी हँडब्रेक ओढला. तो सैल होता, नुसता सोबतीला यावा तसा वर आला. आरशात दवाखान्याची काच दिसत होती, तिच्यावर सकाळचं ऊन चमकत होतं, आणि काचेमागे ते उघडं तोंड.

“काय झालं?” हेडसरांनी विचारलं.

“क्लच गेला.”

“म्हणजे गिअरबॉक्स नाही?”

“नाही सर.”

हेडसरांनी मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं. पुन्हा पुढे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. “मी उतरून चाकाखाली दगड लावतो,” ते म्हणाले. दाराच्या कडीवर हात ठेवला. पण हात तिथेच राहिला. “माझे पाय,” ते अगदी लहान आवाजात म्हणाले, “माझे पाय ऐकत नाहीयेत.”

जपूनकरांच्या डोळ्यांसमोरून आजवर वाचलेले सगळे अहवाल सरकत होते. उजवा पाय थरथरत होता. तो दमून सैल पडला की संपलं, आणि तो दमत चालला होता. मला काही कळायच्या आत, असं लिहिणाऱ्या माणसांचा त्यांना एकदम हेवा वाटला. त्यांना सगळं कळत होतं.

मग त्यांना बायकोचे शब्द आठवले.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की पिंपांतलं पाणी हलताना ऐकू येऊ लागलं. “बंद का केलं?” हेडसर म्हणाले. “बंद करू नका. अहो, बंद का केलं?”  जपूनकरांनी दांडा पहिल्याकडे ढकलला. अडला. थोडा मागे घेऊन पुन्हा ढकलला. खट्. पडला. आता गाडी गिअरमध्ये अडकून राहील, निदान थोडा वेळ. पुढचं मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. क्लच नाही, गाडी गिअरमध्ये, आणि किल्ली फिरवली की गाडी उडी मारणार. पुढे की मागे, हे त्यांना विचार करून ठरवावं लागलं. पहिला गिअर आहे, तर पुढेच. असावी.

“सर, घट्ट धरा.”

“काय धरू?”

“काहीही.”

हेडसरांनी जपूनकरांचा दंड धरला. जपूनकरांनी किल्ली फिरवली. गाडीने आचका दिला, दुसरा दिला, कुठूनतरी लोखंड रडल्यासारखा आवाज आला, मागच्या तुटक्या खिडकीतून ओंजळभर पाणी हेडसरांच्या मानेवर आलं, आणि तिसऱ्या आचक्याला इंजिन सुरू झालं. जपूनकरांनी ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर टाकला. गाडी चढली. मुंगीच्या चालीने, ओरडत, पण चढली.

आता तिला थांबवता येत नव्हतं. फाटकात माणसं बादल्या घेऊन उभी होती. जपूनकर खिडकीतून “बाजूला व्हा, थांबत नाहीये, बाजूला व्हा” असं ओरडत आत शिरले, वहिनींची बादली चाकाखाली चेपली, आणि सपाट जागा आली तशी त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एक हिसका देऊन मेली.

लोकांनी पिंपं उतरवली. बाळाच्या घरी पहिली कळशी गेली. वहिनी चेपलेली बादली सगळ्यांना दाखवत होत्या आणि चालकाला दिलेलं मत कसं बरोबर होतं ते सांगत होत्या. पुढच्या सीटवर ते दोघं तसेच बसून होते. हेडसरांचा हात अजून जपूनकरांच्या दंडावर होता आणि त्यांच्या सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

हेडसर म्हणाले, “तुम्ही रोज असे येता?”

“रोज.”

“भीती वाटत नाही?”

“वाटते. फार वाटते.”

हेडसरांनी मान हलवली. “कोणाला बोलला नाहीत.”

“तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या,” जपूनकर म्हणाले.

मंगळवारी रबर आलं. गिअर इतके मऊ झाले की जपूनकरांना आधी त्याचीच भीती वाटली. ठरावाची दुरुस्ती मात्र सभेपुढे आली नाही, कारण अध्यक्ष सभेला आले नाहीत. बुधवारी सकाळी ते खाली उतरले, पायात पळायचे बूट, हातात लाकडाचा एक जाड ठोकळा. शेजारच्या सीटवर बसले आणि ठोकळा मांडीवर ठेवला.

“सर, आता गाडी चांगली झालीये. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“मला त्यातलं काही कळत नाही,” हेडसर म्हणाले. “पण बसतो. एकट्याने जायची जागा नाही ती.”

तेव्हापासून वाहिनी दुरुस्त होईपर्यंत ते रोज आले. भीती वाटून घेतली की अर्धी होते असं म्हणतात. तसं काही झालं नाही, दोघांनाही पुरती वाटत होती. फक्त वळण जवळ आलं की हेडसर डोळे मिटून घेत, जपूनकरांचा दंड पकडत, आणि तोंडातल्या तोंडात विचारत, “गेलं का?”

“गेलं, सर,” जपूनकर सांगत. वळण अजून चाकाखालीच असे.